पाचव्या निकालाची पाळी

यंदाच्या उन्हाळी वर्गाची वाचनाची यादी परवा मोबाईलवर आली. नऊ निकाल, दोन कायद्यांतली मोजकी कलमं आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ : वाचून आल्याशिवाय वर्गात बसता येणार नाही. बरोबरच्या पोरींनी लगेच ग्रुपवर रडके चेहरे टाकले. मी काहीच टाकलं नाही. ती ओळ मी दोनदा वाचली, पण वाचनाच्या भीतीनं नाही. वाचन मला जमतं. ते मी कुणाच्या वेळेवर डल्ला मारून जमवलं, हे एकदा लिहून काढायचं होतं.

मी इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याची. घरी ऊस, कालव्याचं पाणी आणि पाण्यावरून भांडायची पिढीजात तयारी. मी कायद्याला जाणार म्हटल्यावर तात्या, म्हणजे माझे वडील, सगळ्या आळीत सांगत सुटले की आता घरातच वकील आहे, बघू कोण बांध कोरतंय. तेव्हा मी पहिल्या वर्षाला नुसता प्रवेश घेतला होता. पण लोक मला रस्त्यात थांबवून सातबारा दाखवायला लागले आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायला लागलं. मुळात मी तापट, त्यात हुशार म्हणवून घ्यायची सवय लागलेली. माझ्यापेक्षा हळू चालणारा, हळू बोलणारा, हळू वाचणारा माणूस शेजारी आला की माझ्या कपाळाला आठी पडायची.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली. पहिलं वर्ष संपलं होतं. ज्या कॉलेजात मी बारामतीला शिकते तिथं तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग ठरला. विषय मालमत्तेचा कायदा, शिकवायला पुण्याहून एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी आधीच अकरा निकाल पाठवले होते, सगळे इंग्रजीत. पहिल्या दिवशी ते कुणालाही उभं करणार, कुठलाही निकाल विचारणार, आणि वाचलेला नसेल तर त्या माणसानं बाहेर जायचं. ऑफिसातल्या क्लार्कनं हे आम्हाला मोठ्या आनंदानं सांगितलं. वर म्हणाला, "बाहेर म्हंजे बाहेर."

आमच्यातले बहुतेक मराठी शाळेतून आलेले. परीक्षा मराठीत लिहिता येते, पण निकाल काही मराठीत येत नाहीत. एकानं मोबाईलच्या ॲपमधून पहिल्या निकालाचं भाषांतर काढलं, त्यात न्यायाधीशांच्या पीठाचं बाकडं झालं होतं. "बाकडं या मताशी सहमत नव्हतं" या वाक्यावर आम्ही दोन दिवस हसलो. तिसऱ्या दिवशी हसू संपलं, कारण वर्गाला जेमतेम तीन आठवडे उरले होते आणि अकराच्या अकरा निकाल तसेच पडून होते.

मग कुणीतरी आबांचा पत्ता आणला. आबा कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे सगळ्या कागदांचे मालक. आधी इंदापूरला, मग बारामतीला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पण निकालाचा कागद हातात दिला की अजून त्यांचे डोळे चमकायचे. बारामतीच्या कसब्यातल्या एका बोळात दोन खोल्यांत राहायचे. त्यांनी आम्हाला शिकवायचं कबूल केलं, पण स्वतःच्या अटींवर. सकाळी आठ ते नऊ, एकच तास, आणि एका वेळी एकच माणूस. त्यांना एकाच कानानं ऐकू यायचं, दोघं बोलायला लागले की सगळा गलका व्हायचा. मोबाईल त्यांच्या घरात नव्हता. शिकवायची तऱ्हाही त्यांचीच. आपण इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचायचं, थांबायचं आणि त्याचं मराठी आपल्या तोंडानं करायचं. चुकलं की गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटका खाटेच्या लाकडावर बसायचा. एकदा सुरू झालेला तास ते मधे मोडत नसत.

आम्ही आठजण होतो आणि हातात सोळा दिवस. म्हणजे प्रत्येकाला दोन तास. सोपे निकाल ज्यानं त्यानं घरी वाचायचे, अडलेला निकाल घेऊन आबांकडं जायचं आणि शिकून आलेली वही सगळ्यांना द्यायची, असं ठरलं. पण आधी कुणी जायचं यावरून कॉलेजच्या पायऱ्यांवर कालवा झाला. तेव्हा मीच आवाज चढवून म्हणाले, "शेजपाळी लावा की. त्यात भांडायचं काय?"

निम्मी पोरं इंदापूर तालुक्यातली, कालव्यावरची. त्यांना पुढं सांगावं लागलं नाही. पण एकजण मोरगावच्या पलीकडच्या वस्तीवरून येणाऱ्या होत्या, त्यांनी विचारलं, "म्हंजे कसं? आमच्याकडं पाळी असती ती टँकरची."

मी जरा तोऱ्यातच समजावून सांगितलं. कालव्याचं आवर्तन सुटलं की चारीवरच्या, म्हणजे छोट्या फाट्यावरच्या, शेतांना पाणी शेवटच्या टोकापासून वर वर देत यायचं, एकाला लागून एक. टेलच्याला आधी, कारण पहिल्याला आधी दिलं तर टेलपर्यंत पोचायच्या आत कुणीतरी दार मोडतंच. आणि आपल्या वेळेला आपण दारावर हजर राहायचं. हजर नसला तर पाणी पुढच्याला. कुणाचा निरोप आला असेल तर मात्र पाणी वाटून देणारा पाटकरी थोडं सांभाळून घेतो.

"मग टेलला कोण?" कुणीतरी विचारलं. मी त्यांच्याकडंच बोट केलं. सगळ्यांत लांबून त्याच येत होत्या.

आम्ही त्यांना ताई म्हणायचो. वय पंचेचाळीसच्या पुढं, अंगणवाडी सेविका. बाहेरून बी. ए. केलेलं, मग कायद्याला आलेल्या. सकाळी शेळ्यांचं बघून, डबा बांधून, एसटीनं यायच्या. कापडी पिशवीतून वही काढायच्या तिच्यात एक ओळ इंग्रजी आणि खाली एक ओळ कोरी, मराठीसाठी. वाचताना ओळीखालून बोट फिरायचं आणि ओठ हलायचे. लायब्ररीत त्या माझ्या शेजारी बसल्या की त्यांच्या पुटपुटण्यानं माझं डोकं उठायचं. एकदा मी वही आपटून जागा बदलली होती. त्यांना ते कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीजवळ एकट्या बसायला लागल्या.

कायदा कशाला शिकताय, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बाया पोरांस्नी घेऊन येत्यात अन् घरातलं सांगत बसत्यात. मी नुस्तं ऐकून घ्यायचं किती दिस?" घरून मात्र त्यांना एकाच उन्हाळ्याची मोकळीक होती. सासरे म्हणाले होते, ह्या वर्गात काय जमतंय ते बघ, जमलं तर पुढची दोन वर्षं कर, नाहीतर बास. उन्हाळ्यातली सुट्टीसुद्धा सेविका आणि मदतनीस यांनी आळीपाळीनं घ्यायची असते, अंगणवाडी बंद ठेवता येत नाही. ताईंनी मदतनीसबाईंना विनवून आपली सुट्टी पुढं ढकलून घेतली होती, वर्गाच्या दिवसांवर बसवायला. हे सगळं मला ठाऊक होतं. मुद्दाम सांगते, कारण ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा माझ्याकडं नाही.

पहिली फेरी सुरळीत झाली. ताई पहिल्या दिवशी जाऊन आल्या, दुसऱ्या निकालाची वही सगळ्यांना दिली. अक्षर मोठं, गोल, अंगणवाडीतल्या तक्त्यासारखं. माझी पाळी सातव्या दिवशी आली, मी तिसरा निकाल केला. पण सगळ्यांचा जीव पाचव्यात अडकला होता. साठ पानं, दोन न्यायाधीशांची दोन तोंडं, आणि विषय वहिवाटीचा. एक माणूस शेजाऱ्याच्या शेतातून वर्षानुवर्षं जातो-येतो, त्याचा त्या वाटेवर हक्क होतो का? आमच्याकडं या प्रश्नावर डोकी फुटलेली आहेत, पण त्यावर इंग्रजीत साठ पानं वाचणं वेगळं. पाचवा कुणी घ्यायला तयार नव्हतं. ताई म्हणाल्या, "द्या मला. माझ्या दुसऱ्या पाळीला मी घेते. अकरातला तो कुणीतरी करायलाच पायजेल." नवव्या दिवशी त्यांची दुसरी पाळी होती.

माझीही अजून एक पाळी शिल्लक होती, पंधराव्या दिवशी. तीत मला नववा निकाल करायचा होता. पण पाचवा मला स्वस्थ बसू देईना. न्यायाधीश उभं करणार ते हुशार म्हणून गाजलेल्या पोरीलाच, आणि विचारणार तो पाचवाच, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. ताई वही देणार होत्या, ती पुरली असती. पण ताईंच्या वहीवरून शिकायचं, हे माझ्या नाकाला झोंबत होतं.

नवव्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या एसटीनं बारामतीला गेले. घरी सांगितलं की लायब्ररीत जाते. गेले ती थेट आबांच्या बोळात, आणि ओट्यावर बसले. आमच्याकडं काही माणसं असतात, स्वतःची पाळी नसताना चारीवर जाऊन बसतात, कुणाची चुकली तर आपल्याला मिळंल म्हणून. तात्या त्यांना नावं ठेवतात. मी ओट्यावर बसले तेव्हा मला तात्या आठवले होते, आणि तरी मी बसून राहिले.

आठला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. ताई होत्या. मागं गाडीच्या लोकांचा गलबला.

"पोरी, तू बारामतीत हायेस का?"

"हाय की."

"आगं, गाडी बंद पडलीया तरडोलीच्या पुढं. मागची गाडी येतीया म्हणं. अर्धा तास उशीर हुईल. आबांस्नी तेवढं सांग. निम्मा तास मिळाला तरी चालंल मला."

"सांगते ताई," मी म्हणाले आणि फोन पिशवीत टाकला.

आठ वाजता आबांनी दार उघडलं. मला बघून म्हणाले, "आज त्या अंगणवाडीच्या बाईंची पाळी ना?"

पुढचं वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण ते इतकं सहज आलं की ठरवल्यासारखंच होतं. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाले, "त्यांचं काही कळलं न्हाई, आबा. निरोप न्हाई."

आबांनी क्षणभर बोळाच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "मग वेळ कशाला फुकट घालवायचा? तू बस. काय आणलंयस?"

मी पिशवीतून पाचवा निकाल काढला.

तो तास मला अजून शब्दाशब्दानं आठवतो. आबांनी त्या दिवशी वर्तमानपत्र चारच वेळा आपटलं. परवानगीनं चाललेली वाट कितीही वर्षं चालली तरी हक्क होत नाही, हे त्यांनी माझ्याच तोंडून वदवून घेतलं आणि खूश होऊन मांडीवर थाप मारली. मलाही आनंद झाला होता. तो खोटा नव्हता, हेच वाईट आहे. अर्धा तास कसा गेला ते कळलं नाही.

आणि मग दारात सावली पडली. आबांची पाठ दाराकडं होती. ताई उंबऱ्याशी उभ्या होत्या, पदरानं मान पुसत, छातीचा भाता वरखाली होत होता. स्टँडपासून त्या धावत आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या कागदांकडं. मी आबांना पाणी पिऊन येते म्हणून खूण केली आणि बाहेर गेले.

तेव्हाही वेळ होती. ताई आल्या आणि त्यांचा निरोप होता, एवढं सांगितलं असतं तर आबांनी तास मोडलाही असता. निम्मा तास शिल्लक होता, निम्माच त्यांनी मागितला होता.

"निरोप दिलास ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"दिला की. पण आबा थांबायला तयार न्हाईत. मला म्हणाले तू बस." त्यांनी दाराकडं बघितलं. मला वाटलं, आता त्या आत जाऊन आबांना विनवतील आणि सगळं उघडं पडेल. म्हणून मी आणखी एक वाक्य जोडलं. "म्हणाले, त्या बाईंना वेळेची किंमत न्हाई."

असं मी का म्हणाले, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. भीतीनं म्हणाले. पण भ्यालेली माणसं गप्पही बसतात. मी बोलले.

ताईंचा चेहरा असा झाला की बघवेना. त्या एवढंच म्हणाल्या, "खरंय त्यांचं. आठ म्हंजे आठ." मग पिशवी सावरत, "पाचव्याची वही देशील न्हवं मला?"

"देते की. नीट उतरवून देते."

त्या वळल्या आणि बोळातून गेल्या. चप्पल हातात होती. धावताना अंगठा तुटला असावा.

वही मी दिली नाही. उतरवून काढली होती, त्याच संध्याकाळी, छान समास सोडून. ताईंचे दोन मेसेज आले. एकात नुसतं "वही?" आणि दुसऱ्यात "फोटो पाठवलास तरी चालेल, अक्षर लावीन". वही पाठवायची म्हणजे ताईंशी बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे बोळातलं ते सगळं पुन्हा समोर. मी उद्यावर ढकलत गेले. बाकीच्या सहा जणांना मात्र वही मिळाली. ते समोर होते, मागत होते, त्यांना नाही म्हणता येईना. ताईंनी दुसऱ्या कुणाकडं मागितली नाही, मी देते म्हटलं होतं ना. ग्रुपवर टाकायचा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, फोटो नीट येत नाहीत. पंधराव्या दिवशी मी माझ्या हक्काच्या पाळीला गेले आणि नववा निकाल केला.

वर्ग सुरू झाला त्या सकाळी ताई पहिल्या बाकावर होत्या. इस्त्रीची साडी, कापडी पिशवी मांडीवर. न्यायाधीश स्वभावानं वाईट नव्हते, आवाजही चढवत नव्हते. त्यांनी हजेरीचा कागद घेतला आणि मधेच कुठंतरी बोट ठेवलं. उभ्या राहिल्या त्या ताई.

"पाचवा," ते म्हणाले. "दोन न्यायाधीशांच्या मतभेदाचं मूळ कशात आहे, एवढंच सांगा. मराठीत सांगितलंत तरी चालेल."

ताईंनी वही उघडली. मागच्या बाकावरून मला ती दिसत होती. इंग्रजीच्या ओळी गोल अक्षरांत उतरवलेल्या, पानामागून पान, आणि त्यांच्या खालच्या सगळ्या ओळी कोऱ्या. त्यांनी वाटेची गोष्ट सांगितली, शेतं कुणाची ते सांगितलं. पुढं त्या अडल्या. पहिल्यांदा वाचून बघितलं, मग ओठ नुसतेच हलत राहिले. मागं दोन पोरं खुदकन हसली. न्यायाधीशांनी पुरेसा वेळ दिला. मग म्हणाले, "बाई, वाचून या. घाई नाही. उद्या या." ताईंनी वही पिशवीत घातली, नमस्कार केला आणि त्या बाहेर गेल्या.

जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी बाकावरच्या एका खरवडलेल्या नावाकडं बघत होते. न्यायाधीशांनी तोच प्रश्न वर्गाला टाकला. माझ्या शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले आणि उत्तर दिलं. परवानगी आणि हक्क, दोघांची मतं, सगळं. ते म्हणाले, "उत्तम. असं वाचायचं असतं." त्या दिवशी मला डबा गेला नाही.

ताई दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा क्लार्क म्हणाला, त्यांनी अर्ज देऊन नाव काढलं, इंग्रजी झेपत नाही असं लिहिलंय. मी त्याला विचारलं, तसंच लिहिलंय का? तो म्हणाला, "तसंच. तुमाला काय करायचंय?"

मला काही करायचं नव्हतं. मी दुसऱ्या वर्षाचं वाचायला लागले. पण पुस्तक उघडलं की पहिल्या पानाच्या आधी तो बोळ यायचा. घरात मी सगळ्यांवर डाफरायला लागले. आई म्हणाली, पोरीला अभ्यासाचा ताण आलाय, आणि मला दूध जास्त मिळायला लागलं. मला त्या दुधाचीसुद्धा लाज वाटायची.

दिवाळीनंतर मी फराळ घेऊन आबांकडं गेले. ते थकले होते, पण आवाज तसाच. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ती अंगणवाडीची बाई पुन्हा आलीच न्हाय. निरोप न धाडता पाळी चुकवली, त्याचा राग आला होता मला. पण बाई वाचायची चांगलं. तुमी सगळे वाक्य संपवायला पळता. ती थांबायची, न कळलेला शब्द सोडून पुढं जायची न्हाय. तुमच्यात ती खरी शिकली असती."

मी मान हलवली. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू मात्र नाव काढशील," आणि माझं तोंड मिटलं.

त्याच आठवड्यात मी मोरगावला गेले. एसटीतून उतरून वस्तीपर्यंत चालत जावं लागतं. ज्वारी कमरेएवढी उभी होती. वाटेत मी काय बोलायचं ते तीनदा घोकलं, कोर्टात उलटतपासाला उभी राहणार असल्यासारखं. अंगणवाडीची एकच खोली, भिंतीवर फळांचे तक्ते, कोपऱ्यात मदतनीसबाई खिचडी ढवळत होत्या. त्या दिवशी पोरांची वजनं चालली होती. आढ्याला काटा टांगला होता आणि त्याच्या झोळीत एक पोर पाय झाडत रडत होतं.

ताईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. मला वाटलं होतं त्या मला दारातच उभं करतील. त्या म्हणाल्या, "आगं, तू? ये ये, बस. पुस्तकं न्यायला आलीस व्हय? बांधून ठेवल्यात मी. कुणाच्यातरी कामाला येत्याल."

मी सतरंजीवर बसले आणि सांगून टाकलं. घोकलेलं काही राहिलं नाही. फोन आला तेव्हा मी ओट्यावर होते इथपासून, वही का दिली नाही इथपर्यंत. आबा ते वाक्य म्हणालेच नव्हते, हेही सांगितलं. ताई ऐकत होत्या. मधे त्यांनी झोळीतलं पोर उतरवलं, दुसरं ठेवलं.

वजन लिहून घेऊन त्या म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला मी घरात लई वाईट बोलले गं. मोठा माणूस असून असं तोडून बोलावं व्हय, असं सगळ्यांस्नी सांगितलं." मग माझ्याकडं बघून, "त्यांस्नी सांगितलंस हे?"

"न्हाई."

"तितं भ्या वाटलं. हितं न्हाय वाटलं."

आपण यांना निदान काहीतरी चांगलं द्यावं, असं मला वाटलं. म्हणून आबा काय म्हणाले ते मी सांगितलं. की त्यांचं वाचन आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, की त्या न कळलेला शब्द सोडायच्या नाहीत, की आमच्यात खऱ्या त्याच शिकल्या असत्या. मला खरंच वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

ताईंचा हात काट्यावरच राहिला. पोर झोळीत गप्प झालं होतं, काटा थांबला होता, तरी त्या आकडा वाचत नव्हत्या.

"मला जमत न्हाय म्हणून सोडलं," त्या म्हणाल्या, "असं मी सासऱ्यास्नी सांगितलं. पोरांस्नी सांगितलं. रोज सकाळी शेळ्या सोडताना सवताला सांगत हुते. सा म्हैनं लागलं पटायला. पटलं हुतं, पोरी. झोप लागायला लागली हुती." त्यांनी झोळीतल्या पोराच्या पायातला पैंजण सरळ केला. "आता तू येऊन सांगतीस, जमत हुतं."

मदतनीसबाईंनी खिचडीचं झाकण ठेवलं आणि विचारलं, "किती भरलं?" ताईंनी काट्याकडं बघितलं, आकडा सांगितला, आणि पुढच्या पोराला हाक मारली.